किती वॅटचा हाय?

त्या दिवशी मला पहिल्यांदा भोंग्याची गुणगुण ऐकू आली. भोंग्यातून येणारं भजन नव्हे, सूचना नव्हे, भोंग्याची स्वतःची गुणगुण. ॲम्प्लीफायर चालू असतो, माइकवर कोणी नसतं, तेव्हा तारेतून झिरपत राहते ती बारीक ‘हूंऽऽ’. एरवी ती कानावर पडायचं कारणच नसतं. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, प्रचारसभेत तिच्या डोक्यावर कायम काहीतरी आदळत असतं. पण गेल्या वर्षी गुरुकुंज मोझरीत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, घड्याळात ४ वाजून ५८ मिनिटं झाली आणि नजर पोचेल तिथवर पसरलेल्या भगव्या टोप्या जागच्या जागी थांबल्या. माइक गप्प झाला. कडेवरची पोरंसुद्धा आयांचे चेहरे बघून गप्प झाली. आणि माझ्या डोक्यावरच्या खांबाला बांधलेला भोंगा एकटाच गुणगुणत राहिला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले ते याच वेळी. तिथी आश्विन वद्य पंचमी. म्हणजे दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीन निघालेलं आणि कापसाची वेचणी दारात आलेली अशा दिवसांत, अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या या गावात विदर्भभरातून माणसं येतात, दिंड्या-पालख्या येतात, आणि या एका घटकेला सगळे मिळून काहीच बोलत नाहीत. मी लहानपणापासून हे पाहत आलोय. माझं आजोळ इथलं. पण मौनाकडे ध्वनीच्या हिशेबाने बघायची बुद्धी मात्र त्या गुणगुणीनेच दिली. एवढ्या माणसांचा आवाज खाली बसला तेव्हा कुठे एका यंत्राचा, वॅटच्या हजाराव्या हिश्शाचाही नसेल असा आवाज वर आला. तो वाढला नव्हता. बाकीचं कमी झालं होतं.

त्याच रात्री मामेभावाने मला विचारलं, “दादा, होम थिएटर घ्यायचा हाय. किती वॅटचा घेऊ?”

मामाचं नवं घर गावाच्या कडेला, बारा बाय अठराचा हॉल, खाली चकचकीत फरशी, दोन मोठ्या काचेच्या खिडक्या आणि भिंतींवर घोटीव पुट्टी. भिंतीवर ५५ इंची टीव्ही आधीच येऊन बसला होता. सोयाबीनचे पैसे हातात होते. भावाच्या डोक्यात वॅटचा आकडा पक्का होता आणि तो चार आकडी होता. मामा बाजूला खाटेवर बसून खंजिरीची कातडी बोटाने चाचपत होते. गावच्या गुरुदेव सेवा मंडळात त्यांची खंजिरी चाळीसेक वर्षं वाजते आहे. ते म्हणाले, “हजार वॅट? अरे, आपल्या मंडपात बी एवढा लागत नाई बाप्पा.” भावाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाप लोकांची ध्वनिशास्त्रातली मतं कोण मनावर घेतं?

मीही कधीकाळी असाच फसलो होतो. कॉलेजात असताना अमरावतीच्या एका दुकानातून मी पेटीवर ‘२००० वॅट पीएमपीओ’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेला डेक घेतला. खोलीवर आणून उलटा करून बघितलं तर मागच्या पट्टीवर लिहिलेलं: वीज खर्च २५ वॅट. पंचवीस वॅट आत घेऊन दोन हजार बाहेर काढणारं यंत्र माझ्या खोलीत असताना कोराडीला एवढं मोठं वीज केंद्र कशाला चालवतात, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पीएमपीओ म्हणजे त्या काळातली कागदावरची कमाल. यंत्र क्षणाच्या बारीकशा तुकड्यात, मोडायच्या बेतात असताना, सगळ्या अनुकूल अटी एकत्र धरून जो आकडा निघेल तो, आणि त्यालाही वर स्पीकरच्या संख्येने गुणलेलं. त्याला ठरलेलं प्रमाणच नव्हतं. आता तो शब्द बराचसा मागे पडला, पण आकडा फुगवायची खोड गेलेली नाही. ती थोडी शिकलीसवरली झाली आहे एवढंच.

आता ‘होम थिएटर’ म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडतं. एक म्हणजे सगळं एकाच पेटीत मिळणारा संच किंवा टीव्हीखाली ठेवायचा लांबट साउंडबार. दुसरी म्हणजे रिसीव्हर: डेनॉन, यामाहा, मरांट्झ, ओंक्यो अशा कंपन्यांचा, दहा-बारा किलोचा काळा ठोकळा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, पोरांचा गेम, सगळ्यांच्या तारा त्याच्या पाठीत जातात. कुठला आवाज पुढच्या स्पीकरला, कुठला मागच्याला, संवाद मधल्याला आणि धडाडधूम सबवूफरला, ही वाटणी तो करतो. आणि वाटून झालं की प्रत्येक स्पीकरला ढकलायची ताकदही तोच पुरवतो. भावाला हा ठोकळा हवा होता. मागणी रास्त होती.

या ठोकळ्याच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे तीन-तीन आकडे असतात आणि तिन्ही खरे असतात. समजा एका ठिकाणी लिहिलंय ८० वॅट. त्यापुढे बारीक अक्षरांत: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू. दुसऱ्या ओळीत १२० वॅट: ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, विकृती ०.७ टक्के. आणि पेटीच्या दर्शनी भागावर टपोरा १७५: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, विकृती १० टक्के. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला, कानाला उघड कळेल इतका. म्हणजे पेटीवरचा आकडा असा, की ज्याला पोचल्यावर तुम्हीच उठून आवाज कमी कराल. दुकानात विचारायचं ते यातल्या पहिल्या ओळीबद्दल: आठ ओहमला, पूर्ण पट्ट्यात, निदान दोन चॅनल चालू असताना किती? अमेरिकेत या फुगवाफुगवीला कंटाळून तिथल्या व्यापार आयोगाने १९७४ मध्येच ॲम्प्लीफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम केला, आणि २०२४ मध्ये तो आणखी आवळला. आपल्याकडे नियम म्हणजे खरेदीदाराचा चष्मा.

मग तो ‘दोन चॅनल चालू’चा मामला. भाऊ म्हणाला, “पण हा तर सात चॅनलचा हाय. सात गुणिले ८०, झाले ना ५६०?”

इथे मला डीपी कामाला आली. वऱ्हाडात शेतकऱ्याला ट्रान्सफॉर्मर म्हणून सांगाल तर तो विचार करेल. डीपी म्हणा, लगेच कळतं. शिवारातल्या एका डीपीवर सात जणांच्या मोटारी आहेत. एकट्याने रात्री मोटार लावली तर पाणी फवाऱ्यासारखं येतं. हरभऱ्याला ओल द्यायच्या दिवसांत सातही जणांनी एकदम बटणं दाबली की सगळ्यांच्याच मोटारी कण्हायला लागतात, आणि एखाद्या दिवशी डीपीच उडते. रिसीव्हरच्या पोटातही अशीच एक डीपी आहे. सातही चॅनल तिच्यावरच. दोन चॅनलना ती ८०-८० वॅट देईल. सातांनी एकदम हात पसरले तर प्रत्येकाच्या पदरात निम्मंही पडेल की नाही याची शाश्वती नाही. म्हणून कागदापेक्षा ठोकळा उचलून बघावा. वजन बहुतेक त्या डीपीचंच असतं. आणि मागच्या पट्टीवर वीज खर्च किती लिहिलाय तेही वाचावं; विहिरीत जेवढं पाणी तेवढंच शेतात जाणार.

भावाला डीपी पटली. पण त्याने लगेच उलटा निष्कर्ष काढला: “मंग तं अजून मोठा घ्या लागते!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घेऊन मैदानावर गेलो. मंडपाच्या तारा गुंडाळणं चालू होतं. साउंडवाले काका एका उलट्या घमेल्यावर बसून चहा पीत होते. आसपासच्या गावांतल्या लग्नांपासून सप्ताहांपर्यंत भोंगे बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी विचारलं, या एका भोंग्याच्या मागचं युनिट किती वॅटचं? “चाळीस,” ते म्हणाले. “काई तीसचे हाय.” भाऊ बघतच राहिला. हा चाळीस वॅटचा भोंगा वारा अनुकूल असला तर पऱ्हाटीच्या दोन वावरांपलीकडे ऐकू जातो, आणि त्याला बारा बाय अठराच्या हॉलला हजार वॅट हवे होते.

यातलं गणित फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबतो. स्पीकरला १ वॅट दिला आणि १ मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल, हा त्या स्पीकरचा खरा गुण. पत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून लिहिलेला असतो आणि कोणी वाचत नाही. घरातले बहुतेक स्पीकर ८५ ते ९० च्या दरम्यान. भोंगा मात्र सहज १०८ च्या घरात. कारण त्याचा कर्णा हवेला धरून ठेवतो. लहानशा पडद्याची थरथर हवेत सांडून न देता एका दिशेला हाकतो. आता डेसिबलचा हिशेब असा, की ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, दहापट केली की १०, शंभरपट केली की २०. घरचा ८८ चा स्पीकर आणि १०८ चा भोंगा यांत २० चा फरक. म्हणजे त्या चाळीस वॅटच्या भोंग्याची बरोबरी करायला घरच्या स्पीकरला चार हजार वॅट द्यावे लागतील, आणि ते द्यायच्या कितीतरी आधी त्याची कॉइल जळून वास येईल. भोंग्याचा आवाज गोड नसतो हे खरं. त्याला खर्ज नाही, सगळं नाकात. पण ‘किती वॅट’ या प्रश्नाआधी ‘कुठल्या स्पीकरला’ हा प्रश्न येतो, हे तो चौकाचौकात ओरडून सांगतो आहे.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एवढ्या मोठ्या मैदानावर त्यांनी मंचाशेजारी एकच डोंगराएवढा ढीग रचला नव्हता. खांबाखांबावर थोडे थोडे भोंगे. “एकाच ठिकाणून जोरात मारलं तं पुढच्याचे कान फाटते अन् मागच्याले आयकू येत नाई,” ते म्हणाले. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ते भरून काढायला चौपट ताकद. त्यापेक्षा स्पीकरच माणसाजवळ नेणं स्वस्त. त्या लांबच लांब बारीक तारांतून आवाज जातो तो १०० व्होल्टच्या लाइनवर. महावितरण दूरवर वीज नेताना दाब वाढवतं आणि प्रवाह कमी ठेवतं, म्हणजे तारेत गळती कमी. अगदी तीच युक्ती, प्रत्येक भोंग्यामागे एक छोटी डीपी बसवून. (घरच्या स्पीकरला हे लागत नाही. तिथे इलेक्ट्रिशियनची दीड किंवा अडीच स्क्वेअरची साधी तांब्याची वायर पुरते. दुकानदार चांदीचा मुलामा दिलेली वायर दाखवायला लागला की पाणी मागावं आणि विषय बदलावा.)

१९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या मैदानात पन्नासेक हजार माणसांपुढे बोलले ते असेच कर्णे लावून. एका माणसाचा आवाज यंत्राने एवढ्या गर्दीपर्यंत नेण्याच्या पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी तो एक. आपल्याकडे गांधी-नेहरूंच्या जुन्या सभांचे फोटो नीट बघा, माइकवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते; नाव परदेशी, कंपनी मोटवाने कुटुंबाची. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला राहून आले, त्याच्या आदल्याच वर्षी मोझरीत गुरुकुंज उभं राहिलं होतं. म्हणजे महाराजांची खंजिरी आणि देशातला भोंगा यांची उमेदीची वर्षं जवळपास एकच. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने महाराजांना चंद्रपुरात पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. चिमूर, आष्टी, यावलीत लोक उठले होते, आणि त्या माणसांपर्यंत भजन पोचवणाऱ्या वाद्याचा व्यास वितभर होता. वॅटच्या हिशेबात तो आवाज कुठे बसवायचा ते मला जमत नाही. पण खंजिरीबद्दल एक गोष्ट मात्र हिशेबात बसते.

मामांना मी म्हटलं, एक थाप मारा. त्यांनी मारली. फोनवरच्या डेसिबल मापकाचा काटा उसळून खाली आला. (फोनचं माप काटेकोर नसतं, चढउतार कळण्यापुरतं ठीक.) मग ते नेहमीच्या लयीत वाजवत राहिले आणि सोबत सहज बोलल्यासारखं गुणगुणत राहिले. खंजिरीची थाप म्हणजे क्षणाचा बारीक तुकडा. कातडीचा टणत्कार आणि कडेच्या झांजांची किणकिण. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि झांजांची किणकिण नेमकी त्याच प्रदेशात आणि त्याच्या वर. म्हणून गर्दीच्या गोंगाटातूनही खंजिरी मागच्या रांगेपर्यंत वाट काढते, आणि तिच्याहून कितीतरी दांडगा ढोल नुसता पोटात घुमतो.

ताकदीचा खरा उपयोग कुठे, ते या थापेत आहे. सरासरी आवाजाला फारच थोडे वॅट लागतात. भावाच्या हॉलमध्ये सोफा ते स्पीकर दहा फूट, म्हणजे ३ मीटर. ८८ चा स्पीकर १ वॅटवर तिथे साधारण ७८ डेसिबल देईल. भिंती परत फेकतात ते वेगळंच. मालिका, बातम्या आपण ऐकतो त्या ६५-७० वर. म्हणजे खर्च होतो वॅटचा दहावा हिस्सा. हो, दहावा. सासू-सुनांचं सगळं भांडण ०.१ वॅटमध्ये निघतं. पण त्यातच एखादी थाप, एखादा दरवाजा, फटाका सरासरीच्या २० डेसिबल वर उडी मारतो, आणि त्या क्षणापुरते शंभरपट, म्हणजे १० वॅट लागतात. सिनेमा जरा रंगात येऊन सरासरी ७५ वर लावला तर तशाच उडीला ४५ वॅट. हे वॅट क्षणभरच लागतात, पण त्या क्षणी ते नसले तर लाटेचं टोक सपाट कापलं जातं. खंजिरीची थाप पत्र्यावर चमचा पडल्यासारखी होते. साउंडवाले काका याला ‘आवाज फाटला’ म्हणतात. त्यांच्या मते युनिटं जळतात ती मोठ्या ॲम्प्लीफायरने कमी आणि छोट्या ॲम्प्लीफायरला कान पिळून ओरडायला लावल्याने जास्त. मला ते पटतं.

म्हणजे ताकद हवी, पण ती मोठ्याने ऐकायला नाही. दचकवणाऱ्या क्षणाला जागा म्हणून हवी. ८० वॅटवर ती जागा या हॉलला पुरेशी आहे. आणि ८० च्या जागी १२० घेतला तर काय मिळेल? पावणेदोन डेसिबल. एकामागून एक लावून दाखवलं तर कदाचित कळेल, रात्री जेवून सोफ्यावर बसल्यावर नाही. आवाज कानाला ‘दुप्पट’ वाटायचा तर दहापट ताकद लागते. ८० चे ८०० करा. थिएटरमध्ये संवाद-संगीत जिथे बसवलेलं असतं, त्या पातळीवर लाटेचं टोक १०५ डेसिबलला जातं. तेवढं या हॉलमध्ये ८८ च्या स्पीकरवर हवं असेल तर साडेचारशे वॅटच्या आसपास लागतील. तेवढं भावाला हवंय का, हे मी विचारलं नाही. मामींनीच स्वयंपाकघरातून उत्तर दिलं. वस्तीत रात्री ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा मी त्यांना सांगितली असती, पण त्यांची स्वतःची मर्यादा त्याहून कडक निघाली.

राहिला खर्ज. बॉम्ब, रेल्वे, नगारा यांनाच सगळ्यात जास्त वॅट लागतात, आणि सबवूफरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लीफायर असतो. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे पाठवायची सोय असते. ते एकदा लावलं की ठोकळ्याच्या डीपीवरची सगळ्यात मोठी मोटार उतरते.

आणि व्होल्टेज. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, कारण ती पत्रकं मोझरीत लिहिली जात नाहीत. पत्रकातले ८० वॅट असतात २३० व्होल्टवर. रबीच्या दिवसांत पंप चालू झाले की मामांकडे दाब १९० पर्यंत उतरतो. अशा यंत्राची कमाल ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे ८० चे राहतात ५४-५५. एक तृतीयांश वॅट गेले! भावाचा चेहरा पडला. पण हे डेसिबलमध्ये केलं तर पावणेदोनसुद्धा होत नाहीत. एवढे वॅट गेले तरी कानाला पत्ता लागणार नाही. मग एवढेच वॅट जास्त पैसे मोजून आणले तरी तो कसा लागेल? त्या रात्री पहिल्यांदा भाऊ काही बोलला नाही. चांगला स्टॅबिलायझर मात्र घ्यायला लावला, तो वॅटसाठी नाही, दाब अचानक चढतो तेव्हा ठोकळा वाचावा म्हणून. आणि काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये तो ठेवायचा नाही हेही. मे महिन्यात अमरावती-अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो. असा रिसीव्हर घेतलेल्या विजेपैकी मोठा हिस्सा नुसत्या उष्णतेत घालवतो. त्याला कोंडलं की तो स्वतःलाच बंद करून घेतो.

खरेदी डिसेंबरात झाली. ८० वॅटवाला. वाचलेल्या पैशांतून मधला स्पीकर एक पायरी वरचा घेतला, कारण संवाद तिथूनच येतात आणि मामांना आता ते नीट ऐकू येत नाहीत. हॉलमध्ये टाळी वाजवली की आवाज फरशी-काच-भिंतीत चेंडूसारखा खेळत होता. त्यासाठी खाली जाड गालिचा, खिडक्यांना जड पडदे आणि मागच्या भिंतीवर मामींनी शिवलेली जुनी गोधडी, चौकट करून. बघणारे तिला सजावट समजतात.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरच्या डब्यातून निघालेला छोटा माइक मी सोफ्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवला. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने चित्कारला आणि यंत्राने अंतर, उंच-सखल सगळं स्वतःच मोजलं. मामा बघत होते. “म्हंजे हा माइक बोलाले नाई, आयकाले हाय,” ते म्हणाले. माइक ऐकायलाच असतो हे खरं तर; पण आयुष्यभर त्याच्यात गायलेल्या माणसाला ते तसं वाटलं नव्हतं. मग पडद्यावर आवाजाचा आकडा उमटला: वजा ३०. “हे वजा कायले?” थिएटरची पातळी म्हणजे शून्य, आपण त्याच्या ३० डेसिबल खाली आहोत, असं मी सांगितलं. वजा ३० म्हणजे ताकदीचा हजारावा हिस्सा. मामांनी मान हलवली. “मंग बाकीचे नऊशे नव्व्याण्णव कोठी हाय?” ठोकळ्यातच, मी म्हटलं, थापेसाठी राखून.

मेमध्ये पुन्हा गेलो. ऊन असं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. हॉलमध्ये खिडकीला मोठा पत्र्याचा कुलर लावलेला, नव्या वाळ्याच्या ताट्या, आणि त्याच्या पुढ्यात संसार. टीव्ही चालू होता, पडद्यावर वजा १५. भाऊ कुरकुरत होता: “दादा, उन्हाळ्यात हा पुरत नाई. मी तं म्हणतच होतो, मोठा पाह्यजे होता.”

मी फोन काढला. कुलर चालू: ६१. “बंद कर एक मिनिट.” पंखा फिरत फिरत थांबला, पाण्याची शेवटची ठिबक ऐकू आली. ४६. पंधरा डेसिबल. म्हणजे कुलरच्या वरून संवाद ऐकायचे तर तीसपट ताकद, आणि कुलर थांबवला तर तेवढंच काम फुकट. मामांनी रिमोट घेतला आणि आकडा एक एक करत खाली आणला. वजा २०, वजा २५. वजा ३० ला थांबले. बाई पडद्यावर काय म्हणते ते शब्दन् शब्द कळत होतं, तिच्या बांगड्यांसकट. मिनिटभर आम्ही तसेच बसलो आणि मग घामाने सगळ्यांनी एकदम कुलरकडे बघितलं. उपाय तात्पुरताच होता. पुढे भावाने कुलर खिडकीपासून वीतभर मागे घेऊन वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवला आणि मध्ये रबराच्या पट्ट्या टाकल्या. खिडकीच्या चौकटीची थरथर थांबली तेवढ्याने ५ डेसिबल उतरले. अर्धी रात्र त्या पाच डेसिबलांच्या आनंदात गेली.

संध्याकाळी प्रार्थना आटोपून मंडळाची चार-पाच माणसं मामांकडे आली. नवा ठोकळा सगळ्यांनी वाकून पाहिला, एकाने बोटाने वाजवूनही पाहिला. कुलर पूर्ण वेगात होता. एक जण ओरडूनच विचारता झाला, “किती वॅटचा हाय, दादाजी?”

मामा नातवाकडे वळले. “कुलर बंद कर रे पोट्ट्या,” ते म्हणाले, “मंग सांगतो.”